बुलेटची टाकी: आधी रंगवली, मग बसवायला गेलो

गिरणाकाठ – 18 सप्टेंबर, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचून जातो, आज अडलंय म्हणून लिहितोय. चूक माझीच आहे हे आधीच कबूल करतो. शिव्या घाला, पण उपायही सांगा.

गाडी वडिलांची. 1982 ची बुलेट 350, बिडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर. बाबा रेल्वेत भुसावळला होते तेव्हा घेतलेली. ते रिटायर झाल्यावर गाडी पाचोऱ्याला आली आणि मागची सात-आठ वर्षं गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. टाकीच्या तळाला थोडं पेट्रोल राहिलं होतं. राहिलं म्हणजे आम्हीच राहू दिलं. या पावसाळ्यात ताडपत्री काढली, टाकीच्या खालच्या शिवणीवरून बोट फिरवलं, तर बोट आत गेलं. पत्र्याचा पापड झाला होता.

भंगारवाले पालथे घातले. ज्या टाक्या मिळाल्या त्या आमच्या टाकीच्या सख्ख्या बहिणी निघाल्या, तशाच पोखरलेल्या. शेवटी नवी नक्कल टाकी मागवली. ‘सगळ्या स्टँडर्ड मॉडेलला बसते’ असं लिहिलं होतं. आली, दिसायला झकास. ती मी खोक्यातून काढून सरळ पेंटरकडे टाकली. काळा रंग, वर पारदर्शक क्लियर, आरशासारखी झाली. पाच दिवस टीव्हीशेजारी ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

परवा रविवारी बसवायला घेतली. पुढचा आडवा स्टड (टाकी फ्रेमला धरणारा बोल्ट) टाकीच्या एका कानातून, म्हणजे भोकाच्या पट्टीतून, गेला, दुसऱ्या कानाचं भोक पाच-सहा मिलिमीटर वर. मागून दाबून धरली तर टाकीच्या पोटातला बोगदा फ्रेमच्या पाइपावर टेकतो. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की हेडलाइटचा डूम टाकीला लागतो. लागलाच, आणि रुपयाएवढा टवका उडाला. पेट्रोल कॉक दोन आटे आत जातो आणि जाम होतो. गॅरेजवाला म्हणाला, “दोन ठोके देतो, बसते.” त्याचा हात धरून ठेवलाय. पुढे काय करू?

---

डूमलाइट – 18 सप्टेंबर, रात्री 11:05

भो, तो हात सोडू नको. हातोडी घरी घेऊन जा पाहिजे तर.

मी जळगावात अजिंठा चौफुलीकडे पंधरा वर्षं हेच करून राहिलो. नक्कल टाकी म्हणजे शिंप्याने माप न घेता शिवलेला सदरा. कोणाला तरी बसतो, तुला बसेलच असं नाही. म्हणून टाकी आली की पहिल्या दिवशी कोऱ्या पत्र्यावर गाडीला चढवायची. बोल्ट, रबरं, कॉक, झाकण, सीट, गुडघ्याचे पॅड, मोनोग्राम, सगळं लावून पाहायचं. हँडल दोन्हीकडे फिरवायचं. मग परत सगळं उतरवायचं आणि तेव्हा कुठे पेंटर.

आता झालं ते झालं. भोक जुळत नसेल तर टाकी ओढून-ताणून बोल्ट घालू नको. सिंगल सिलिंडर आहे, धडधडत असते. ताणून बसवलेली टाकी महिना-दोन महिने चालते आणि कानाच्या मुळाशी चिरते. तिथून पेट्रोल कुठे ठिबकणार? खाली तापलेल्या इंजिनाच्या हेडवर. भोक गोल कानशीने लांबट कर, कानशी पुरत नसेल तर कान कापून जागेवर नवा लाव. बोल्ट हाताने सरळ गेला पाहिजे. पाना फक्त आवळायला.

---

पांझरा – 18 सप्टेंबर, रात्री 11:20

बठ्ठं वाची लिधं भाऊ. आते एकच सांगस. टाकी बसाडी देख, मंग कलर मार. तुनी गाडी, तुना पैसा, आम्हनं काय जास. पन त्या टवकानं वाईट वाटनं.

---

किकमार – 19 सप्टेंबर, सकाळी 8:15

मला एक कळत नाही. मूळ मद्रासच्या कारखान्यातली टाकी घरात असताना नक्कल का? शिवणीचा सडका पत्रा कापून नवा लावता येतो. मूळ पत्रा जाड असतो, हाताला कळतो.

आणि अवांतर: नव्या टाकीवर ‘रॉयल एनफिल्ड’चा मोनोग्राम लावला असेल तर 1982 च्या गाडीला तो चुकीचा आहे. मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड कंपनी यांनी मिळून 1955 मध्ये एनफिल्ड इंडिया काढली. ‘रॉयल’ नाव इकडच्या गाड्यांवर आलं ते आयशर कंपनी मालक म्हणून आल्यानंतर, नव्वदीच्या दशकात. तुमच्या टाकीवर नुसतं ‘एनफिल्ड’ असायला हवं.

---

डूमलाइट – 19 सप्टेंबर, सकाळी 9:00

किकमार, मोनोग्रामचं बरोबर. जुनी टाकी कापून शिवायचं म्हणत असशील तर एक वाक्य जोड: पेट्रोल खाल्लेल्या टाकीला आग दाखवायची नाही. धुतली, उन्हात ठेवली, आठ वर्षं कोरडी होती, काही चालत नाही. शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यात वाफ बसलेली असते. माझ्या उमेदवारीच्या काळात शेजारच्या गाळ्यात एकाने राजदूतची ‘रिकामी’ टाकी वेल्डिंगला घेतली. टाकी फुगून फुटबॉल झाली, त्याच्या भुवया गेल्या, डोळे वाचले ते नशीब. जाणकार माणूस आत काठोकाठ पाणी भरतो, कामाच्या जागेपुरतं रिकामं ठेवतो. ज्याला हे सांगावं लागतं त्याच्याकडे टाकी द्यायचीच नाही.

---

गिरणाकाठ – 19 सप्टेंबर, दुपारी 2:30

किकमार, मोनोग्राम नेमका ‘रॉयल’वालाच आणलाय. ते शंभर-दीडशे रुपये गेले.

जुनी टाकी दोघांना दाखवली होती. दोघेही म्हणाले, एका ठिकाणी शिवली तर दुसरीकडे उसवेल. आमचं कृषी केंद्र आहे, दुकानातल्या काट्यावर दोन्ही टाक्या ठेवून पाहिल्या. जुनी इतकी गंजून झडलेली असूनही नवीपेक्षा पाऊण किलो जड भरली. नवीचा पत्रा अंगठ्याने दाबला की टुणकन आत जातो आणि टुणकन बाहेर येतो. आहे ते आहे.

---

रंगारीण – 19 सप्टेंबर, संध्याकाळी 6:50

धुळ्यात आमचं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. मी काउंटरवर बसते आणि रंग मिसळून देते, म्हणून थोडं लिहिते.

दादा, तुम्ही टवक्याचं दुःख करताय, पण आधी एक करून पाहा. पांढऱ्या सुती चिंधीवर थोडा थिनर घ्या आणि टाकीच्या खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, दहा-पंधरा वेळा घासा. चिंधी काळी झाली तर पेंटरने एनसी मारलाय, म्हणजे नुसता हवेत सुकणारा रंग. तो कपाटाला ठीक, पेट्रोलच्या टाकीला नाही. पंपावर पोराने नोझल काढताना दोन थेंब सांडले की झाकणाभोवती रंग मऊ होतो, मग सुरकुततो. हल्ली पंपावर ई-20 आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. त्यापुढे एनसी मुळीच टिकत नाही. टाकीला दोन डब्यांचा, हार्डनर घालायचा पीयूच हवा. चिंधी कोरी राहिली तर तुमचं नशीब चांगलं, नुसत्या टवक्याची डागडुजी करता येईल.

---

गिरणाकाठ – 19 सप्टेंबर, रात्री 9:10

ताई, चिंधी कोळशासारखी झाली.

---

रंगारीण – 19 सप्टेंबर, रात्री 9:25

मग टवका उडाला ते बरंच झालं म्हणायचं. आख्खा रंग पत्र्यापर्यंत काढा. ज्या दिवशी पत्रा कोरा होईल त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. सध्याची हवा दमट आहे, कोरा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झाक येते आणि ती रंगाखाली वाढत राहते. पण प्रायमरआधी बसवण्याचं आणि गळतीचं काम पूर्ण उरका. डूमलाइटदादा म्हणतात तोच क्रम.

---

सातपुडा_एक्स्प्रेस – 20 सप्टेंबर, सकाळी 7:45

वाचनखूण साठवली. माझी यझदी रांगेत आहे. फोटो टाका राव.

---

गिरणाकाठ – 8 ऑक्टोबर, रात्री 10:15

उशीर झाला. रब्बीच्या बियाण्याची गर्दी होती. पण काम बरंच पुढे गेलंय, सविस्तर सांगतो.

रंग काढायचं द्रावण लावलं, रंग सापाच्या कातीसारखा सुटला. त्याखाली टाकीवाल्याचा रेड ऑक्साइड. तोही काढला. आणि त्याखाली, उजव्या बाजूला शिवणीलगत, विताएवढी लांबी. म्हणजे लांबी, पुट्टी! नव्या कोऱ्या टाकीला कारखान्यातूनच लांबी भरून आली होती. काही ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर जाड. ती खरवडली तर खाली ठोकलेला खड्डा, आणि खड्ड्याच्या कडेला वेल्डिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढं काळं ठिपकं.

गळती बघायची पद्धत डूमलाइटने फोनवर सांगितली. कॉकच्या भोकाला बोल्ट आणि वॉशर, झाकणाच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि लाकडी पाटी, वरून दाब. एका बाजूने सायकलचा पंप. “दोनच पंप मार, टाकी आहे, ट्रकचा टायर नाही,” असं त्याने तीनदा बजावलं, कारण जास्त हवा भरली तर सपाट बाजू फुगते आणि परत बसत नाही. मग टाकी म्हशींच्या डोणीत बुडवली. म्हैस बाजूला उभी राहून बघत होती. त्या काळ्या ठिपक्यातून बुडबुड्यांची एक सरळ माळ वर आली. शांत पाण्यात ती इतकी छान दिसत होती की मी अर्धा मिनिट नुसता बघत बसलो. दुसरी गळती पुढच्या डाव्या कानाच्या मुळाशी, तिथे मात्र एकेक बुडबुडा, सावकाश.

म्हणजे हीच टाकी मी आठवड्याभरापूर्वी रंगवून, पेट्रोल भरून, बाबांना बसवून गावातून फिरवणार होतो.

दोन्ही जागा पितळी वेल्डिंगने भरून घेतल्या. या टाकीत पेट्रोल कधी पडलेलंच नाही, त्यामुळे तो धोका नव्हता. परत डोणी, परत पंप. बुडबुडे बंद.

उजवा कान कापून पाच मिलिमीटर खाली घेतला. बोगद्याची एक कड फ्रेमला लागत होती, तिथे लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने बाहेर काढली. (हातोडी आलीच शेवटी, पण मोजून.) कॉकचे आटे इंची आणि टाकीचे मिलिमीटरवाले असा घोळ होता. एका लेथवाल्याने जुन्या टाकीतला आट्यांचा बुशच कापून नव्या टाकीत लावून दिला. जुनी टाकी अशी अंशतः चालू झाली. बाबांना हे फार आवडलं.

---

डूमलाइट – 8 ऑक्टोबर, रात्री 10:50

झकास. म्हैस साक्षीला होती म्हणजे पंचनामा पक्का.

जुना बुश घेताना आग कुठे लावली? कापताना का?

---

गिरणाकाठ – 8 ऑक्टोबर, रात्री 11:00

नाही, आग नाहीच. टाकी पाण्याने भरून हाताच्या करवतीने बुशाभोवतीचा पत्रा कापला. दीड तास लागला. तुझ्या शेजाऱ्याच्या भुवया डोळ्यांसमोर होत्या.

---

डूमलाइट – 8 ऑक्टोबर, रात्री 11:10

हुशार. आता रबरांचं ऐक. पुढे-मागे लोखंडावर लोखंड बसू द्यायचं नाही. रबर बुश, त्याच्या आत लोखंडी नळी, मग बोल्ट. नळी नसली की बोल्ट आवळताना रबर चेपून मरतं. टाकी हाताने हलवली की जराशी हलली पाहिजे, दातासारखी घट्ट नको. क्लच आणि थ्रॉटलची केबल टाकीखाली दबते का तेही बघ. इंजिन चालू असताना हँडल दोन्हीकडे वळव. एका बाजूला आवाज आपोआप वाढला तर केबल ताणली जातेय असं समज. आणि कॉकला नळवाल्याचा पांढरा टेप गुंडाळू नको. पेट्रोलमध्ये त्याचे धागे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. फायबर वॉशर, बस.

---

किकमार – 9 ऑक्टोबर, सकाळी 8:30

टाकी आतून काय केली? नवीन टाकीत तेलाचा थर आणि पत्र्याचा चुरा असतो.

---

गिरणाकाठ – 9 ऑक्टोबर, दुपारी 1:20

तेल काढायला रॉकेल मिळेना, डिझेलने खळखळून धुतली. वेल्डिंगची काजळी आणि थोडा गंज होता त्याला लिंबूसत्त्व, लिटरला साधारण शंभर ग्रॅम, गरम पाण्यात, रात्रभर. सकाळी आतून राखाडी झाली होती. मग सोड्याच्या पाण्याने दोनदा, साध्या पाण्याने तीनदा, आणि लगेच बायकोचा हेअर ड्रायर. ड्रायरचं प्रकरण वेगळ्या धाग्याचा विषय आहे. सुकल्यावर थोडं इंजिन ऑइल घालून टाकी चारी बाजूंनी फिरवली. आईचं म्हणणं चिंचेच्या कोळाने पण निघालं असतं. देवघरातली तांब्याची भांडी तिने आयुष्यभर त्यानेच घासली.

---

पांझरा – 9 ऑक्टोबर, दुपारी 1:40

माय बरोबर सांगस.

---

रंगारीण – 9 ऑक्टोबर, रात्री 8:05

आतलं काम चांगलं झालंय. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट भरून ठेवू नका. एकतर काठोकाठ, नाहीतर पूर्ण रिकामी आणि तेलाचा हात फिरवलेली.

रंग कधी आणि कुठे मारणार? पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, कायमचा दमा लागलेले पेंटर आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून येतात. डब्याचा काडतुसवाला मास्क घ्या. चौथ्या दिवशी सुटून जाणारी सर्दी नाही ही.

---

गिरणाकाठ – 9 ऑक्टोबर, रात्री 9:30

ताई, एका मित्राचं रावेरकडे केळी पिकवायचं चेंबर आहे, सध्या रिकामं. एकदम बंद, धूळ नाही, हवं ते तापमान लावता येतं. तिथे मारला तर?

---

रंगारीण – 9 ऑक्टोबर, रात्री 9:34

अजिबात नाही! बंद खोली, थिनरची वाफ, आणि आत विजेची यंत्रं. एक ठिणगी पुरे. शिवाय पुढच्या लॉटच्या केळ्यांना थिनरचा वास लागला तर मित्र दारात उभा करणार नाही.

---

सातपुडा_एक्स्प्रेस – 10 ऑक्टोबर, सकाळी 7:50

ताई, माझा प्रश्न. मी मे महिन्यात भुसावळात एक मडगार्ड रंगवलं होतं. सॅंडपेपरसारखं खरखरीत झालं. गन तीच, माणूस तोच.

---

रंगारीण – 10 ऑक्टोबर, दुपारी 12:15

मे आणि भुसावळ, यातच उत्तर आहे. 44-45 अंशांत रंगाचा थेंब गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो. पत्र्यावर तो पसरत नाही, नुसता चिकटतो. आणि जाड मारायला जावं तर वरचा पापुद्रा आधी धरतो, खालचा थिनर त्यातून उकळून बाहेर येतो, टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर मागा आणि पहाटे उजाडायच्या आत मारा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. पावसाळ्यात उलट, ओलाव्याने एनसीवर पांढरी साय धरते. आपल्याकडे रंगाला खरी माणुसकी दाखवणारे महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

---

गिरणाकाठ – 11 नोव्हेंबर, रात्री 9:45

ताईंची एक गोष्ट सांगायची राहिली. नोव्हेंबर म्हणजे कापूस.

पेंटर बदलला. हा माणूस समजूतदार आहे. पीयूचं नाव काढल्यावर मास्क त्याने स्वतःच दाखवला. इपॉक्सी प्रायमर, जरुरीपुरती लांबी, सरफेसर, चारशेचा आणि आठशेचा वॉटर पेपर, सगळं नीट झालं. काळा रंगही उत्तम बसला. परवा क्लियर मारला आणि संध्याकाळी मी बघायला गेलो.

लांबून आरसा. जवळ गेलो तर आरशात केस. एक, दोन, मग मोजायचं सोडून दिलं. पांढरे, वेटोळे घेतलेले, नखाएवढे तंतू. काळ्या रंगावर तर दिव्यासारखे दिसतात. पेंटर कपाळाला हात लावून म्हणाला, “साहेब, जिन सुरू झालं.” त्याच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर जिनिंग आहे. वर्षभर काही त्रास नाही, पण कापूस यायला लागला की हवेत सरकी सोडून सगळं उडतं. तारेवर, झाडांवर, त्याच्या मिशीवर रुई होती. मी रोज त्याच रस्त्याने जातो, कधी लक्ष गेलं नव्हतं.

---

डूमलाइट – 11 नोव्हेंबर, रात्री 10:00

आरारारा. बुलेटला गोधडी शिवली म्हण.

---

रंगारीण – 11 नोव्हेंबर, रात्री 10:20

हसू आलं, माफ करा. घाबरू नका. क्लियर आहे, रंगापर्यंत जायची गरज नाही. आठवडाभर कडक होऊ द्या. मग दीड हजारच्या वॉटर पेपरने, रबराच्या ठोकळ्यावर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून सपाट घासा. वरचे तंतू निघतील. खोल बसलेले निघाले नाहीत तर आणखी खोदू नका, परत एक हात क्लियर मारायचाच आहे. बुलेटच्या टाकीवर असतात त्या सोनेरी रेघा ओढून घ्यायची हीच वेळ. पहिल्या क्लियरवर रेघ ओढली की चुकली तर पुसता येते, खालचा काळा सुरक्षित राहतो. रेघ वाळली की वरून शेवटचा क्लियर.

आणि शेवटचा हात त्या शेडमध्ये नको. शेतात, वारा पडलेला असताना. जमिनीवर सडा घाला म्हणजे धूळ बसेल. दव पूर्ण उडाल्यावरच मारा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढून टाका.

---

किकमार – 12 नोव्हेंबर, सकाळी 8:20

रेघांचे स्टिकर मिळतात, पण कृपया लावू नका. मद्रासला, तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात, या रेघा हाताने ओढल्या जायच्या. दोन भावांनी वर्षानुवर्षं ते काम केलं. पट्टी नाही, टेप नाही, नुसता ब्रश.

---

गिरणाकाठ – 29 नोव्हेंबर, रात्री 10:30

स्टिकर नाही लावले. आमच्याकडे एक म्हातारे पेंटर आहेत. एकेकाळी गावातले सगळे दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाट्या आणि पोळ्याला बैलगाड्यांच्या साट्यांवरची नक्षी त्यांच्याच हातची. फ्लेक्स आल्यापासून घरीच असतात. टाकी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

आधी म्हणाले, डोळे गेलेत, जमणार नाही. मग टाकीवर हात फिरवला आणि नातवाला ब्रश आणायला पाठवलं. खारीच्या केसांचा, बोटाएवढ्या लांब केसांचा, टोकाला धाग्यासारखा बारीक. सोनेरी पावडर वार्निशमध्ये कालवली. पण टाकीवर नाही मारली. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर ओढली आणि म्हणाले, “हे तुमच्या त्या क्लियरवाल्याला दे, उद्या वरून मारायला सांग. मग ये.” दुसऱ्या दिवशी क्लियर मारला आणि रेघ मेथीच्या पानासारखी चुरगळली. खालचं वार्निश ओलं होतं. दुसरं झाकण आठ दिवस सुकवलं, त्यावर क्लियरचा पहिला हात अगदी भुरभुर मारला, मग बसलं. ते झाकण नसतं तर मी पुन्हा इथे रडत आलो असतो.

मग टाकी. करंगळी टाकीच्या कडेला टेकवली, ब्रश आडवा धरला आणि श्वास रोखून पुढून मागे एकाच दमात आले. वळणावर ब्रश दोन बोटांत फिरवला, थांबले नाहीत. जाड रेघ आधी, बारीक नंतर. दुसऱ्या बाजूला एकदा हात हलला. “श्या” म्हणाले, चिंधीने पुसली, चहा मागवला, परत ओढली. पैसे विचारले तर आधी नको म्हणाले. शेवटी नातवाच्या हातात दिले.

शेवटचा क्लियर आमच्या मळ्यात, सकाळी नऊ वाजता, सडा घालून. एक मच्छर बसला आहे. उजव्या बाजूला, झाकणाच्या मागे. तो राहू दे.

---

रंगारीण – 29 नोव्हेंबर, रात्री 10:55

मच्छर मोफत. किमान दोन आठवडे पेट्रोल दाखवू नका, वास पूर्ण जाऊ द्या.

---

सातपुडा_एक्स्प्रेस – 30 नोव्हेंबर, सकाळी 8:00

रंग बदलला तर आरटीओचं काही असतं का? मला यझदी हिरवी करायचीय.

---

किकमार – 30 नोव्हेंबर, सकाळी 8:40

आरसीवर रंग लिहिलेला असतो. वेगळा केला तर नोंद करून घ्यावी लागते. गिरणाकाठ काळ्याची काळीच करतायत, त्यांना प्रश्न नाही.

---

गिरणाकाठ – 19 डिसेंबर, रात्री 11:10

बसली. स्टड हाताने गेला, डूमलाइट. दोन्ही बाजूंनी.

आता शेवटची फजिती. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा लागते, बाबा तरुणपणी बुलेटवर घोडेबाजार बघायला जायचे. म्हणून मी आणि मेव्हणा निघालो. टाकी काठोकाठ भरली. गावात दोन-तीन चकरा आधी मारल्या होत्या, मस्त चालली. पारोळ्याच्या अलीकडे गाडी भुकभुक करून बंद. दहा मिनिटं थांबलो, किक मारली, चालू. चार-पाच किलोमीटर, परत बंद. प्लग काढला, पॉइंट पाहिले, कार्बोरेटरची वाटी उघडली तर कोरडी. टाकी भरलेली आणि वाटी कोरडी! मेव्हण्याने सहज झाकण फिरवलं, आणि फुस्स असा आवाज झाला.

झाकण नवीन घेतलं होतं, कुलपाचं. त्याला हवेचं भोकच नाही. पेट्रोल खाली जाणार, वरून हवा येणार कुठून? तिथून पुढे झाकण अर्धं सैल ठेवून अमळनेरपर्यंत गेलो, रंगावर थेंब सांडू नये म्हणून भोवती टॉवेल. तिथे एका गॅरेजवाल्याने बारीक भोक पाडून दिलं. सारंगखेड्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. घोडे पाहिले. चार जणांनी मात्र घोडे सोडून रेघा पाहिल्या.

---

डूमलाइट – 19 डिसेंबर, रात्री 11:25

झाकण लावून पाहायचं मी सप्टेंबरात लिहिलं होतं. भोकाचं लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. भोक पाडलं तो चुरा टाकीत गेला का? कॉकची जाळी काढून बघ.

---

गिरणाकाठ – 20 डिसेंबर, सकाळी 7:15

झाकण उतरवून, उलटं धरून पाडलं. तरी जाळी काढून पाहिली, स्वच्छ आहे. पण जाळी परत लावताना फायबर वॉशर जुनाच वापरला आणि रात्री कॉकपाशी ओल वाटली. हात लावला तर वास. नवा वॉशर घातलाय. खाली स्टीलची वाटी ठेवलीय, दुकानातून आल्यावर बघतो.

---

पांझरा – 20 डिसेंबर, दुपारी 3:00

वाटीनं काय व्हयनं भाऊ?

---

गिरणाकाठ – 20 डिसेंबर, रात्री 9:20

कोरडी आहे. आईने मात्र विचारलं, श्रीखंडाची वाटी गोठ्यात कोणी नेली.